शेतीचा हिशेब आणि शेतीचा अंदाज

टोमॅटोचे ढीग रस्त्याच्या कडेला ओतलेले, त्यांत गुरें तोंड घालीत आहेत आणि मागें रिकाम्या क्रेटांनीं भरलेला टेम्पो उभा आहे, असें छायाचित्र वर्षा-दोन वर्षांतून एकदां तरी वर्तमानपत्रांत येतें. तें पाहून शहरांतील घरांत जें बोललें जातें तेंहि ठरलेलें आहे. गृहिणीला हळहळ वाटते. गृहस्थ चहा घेतां घेतां म्हणतात कीं, त्यापेक्षां फुकट वाटले असते तर पुण्य तरी लागलें असतें. घरांत एखादा अधिक विचारी असला तर तो विचारतो, “एवढें होतें तर तोडलेच कशाला?” हा शेवटला प्रश्न मात्र खरोखर विचारण्यासारखा आहे, आणि त्याचें उत्तर चार ओळींच्या गणितांत सांपडतें.

समजा, २० किलोंच्या एका क्रेटला बाजारांत ६० रुपये मिळत आहेत. तोडणीची मजुरी क्रेटमागें २५, वाहतूक ३०, हमाली-तोलाई वगैरे किरकोळ १२, एकूण ६७. म्हणजे झाडावरचें तयार फळ बाजारांत नेऊन विकण्यासाठीं दर क्रेटमागें ७ रुपये पदरचे घालावे लागतात. असा भाव आधीं कळला तर फळ झाडावरच राहूं देणें शहाणपणाचें. आतां भाव ९० रुपये आहे असें धरा. पण रोपें, खत, औषध, बांबू, तार, ठिबक यांवर क्रेटमागें आजवर १२० रुपये खर्ची पडलेले आहेत. येथें तोटा तर उघड दिसतो. तरीहि तोडणी करावी. ते १२० रुपये फळ तोडलें तरी गेलेले आहेत आणि न तोडलें तरी गेलेले आहेत. आजच्या निर्णयांत ९० आणि ६७ ह्या दोन आंकड्यांनाच स्थान आहे, आणि त्यांच्या वजाबाकींतून २३ रुपये हातीं येतात. शेतकरी दोन्ही प्रसंगीं तोट्यांतच. पण एकदां तोडणें योग्य, एकदां न तोडणें योग्य.

राहिला छायाचित्रांतला मनुष्य. त्यानें काल संध्याकाळच्या भावावर तोडणी केली. सकाळीं बाजारांत आवक दुप्पट झाली आणि भाव कोसळला. आतां तोडणीची मजुरी आणि येण्याचें भाडें हेंहि गेल्या खर्चांत जमा झालें. माल परत न्यावयाचा तर पुन्हां भाडें, आणि नेऊन ठेवावयाचा कोठें? क्रेट मात्र उद्यां लागणार आहेत. त्यानें ते मोकळे केले. पाहणाऱ्याला जो संताप दिसला तो खोटा नव्हता; परंतु संतापाखालीं गणितहि होतें आणि तें चुकलेलें नव्हतें.

“शेतकऱ्याला हिशेब ठेवतां येत नाहीं,” हें वाक्य शहरांत फार सहज उच्चारलें जातें. पांढरपेशा घरांत जमाखर्चाची वही असते. पहिल्या तारखेला पगार जमेकडे पडतो. वाणी, दूध, शाळेची फी, विजेचें बिल खर्चाकडे पडतें. महिनाअखेर काय उरलें तें कळतें. शेतीला ही वही पुरत नाहीं. तेथें जमा वर्षांतून दोन-तीन वेळां होते आणि तिची रक्कम कोणालाच आधीं ठाऊक नसते. खर्चाचा मोठा भाग तर पैशाच्या रूपानें होतच नाहीं: घरधनिणीची खुरपणी, रात्रीच्या विजेसाठीं मुलानें काढलेलीं जागरणें, बांधावरचा चारा, घरचें शेणखत. शिवाय झालेल्या गोष्टींचा हिशेब आणि करावयाच्या गोष्टींचा अंदाज हीं दोन निरनिराळीं कामें आहेत. पहिल्यांत सर्व खर्च यावा लागतो. दुसऱ्यांत निर्णयानें जो खर्च आणि जें उत्पन्न बदलतें तेवढेंच यावें लागतें. ह्या दोहोंची गल्लत झाली कीं चांगला हिशेबनीस शेतकरीहि चुकीच्या बाजूला पाऊल टाकतो.

महाराष्ट्रांत ह्या विषयाकडे शास्त्रीय दृष्टीनें पाहण्यास बराच काळ लोटला. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरोल्ड मॅन यांनीं पुण्याजवळील पिंपळे सौदागर या गांवाची घर-न्-घर पाहणी करून ती १९१७ सालीं प्रसिद्ध केली. जमिनीचे किती बारीक तुकडे झाले आहेत आणि केवळ शेतीच्या उत्पन्नावर किती थोड्या कुटुंबांचा निर्वाह होतो, हें त्या आंकड्यांनीं प्रथम स्पष्ट दाखविलें. त्याच गांवच्या शिवारांत आज उंच इमारती उभ्या आहेत, आणि त्यांत राहणारीं कुटुंबें टोमॅटोचा भाव विचारतात. पुढें १९४० सालीं गोखले अर्थशास्त्र संस्थेंतर्फे धनंजयराव गाडगीळ यांनीं सहकाऱ्यासह वाई तालुक्यांतील शेतीची पाहणी प्रसिद्ध केली. शेती हा एक धंदा आहे आणि धंदा म्हणूनच तिचा जमाखर्च मांडला पाहिजे, ही त्यामागील दृष्टि होती. केंद्र सरकारनें १९६५ सालीं कृषिमूल्य आयोग नेमला, आणि १९७०-७१ पासून पिकांच्या उत्पादनखर्चाची देशव्यापी योजना सुरू केली. ह्या योजनेंत नेमलेला कार्यकर्ता गांवाच्या गटांत राहतो आणि निवडलेल्या कुटुंबांच्या घरीं जाऊन कोणी किती तास काय काम केलें, कोठें काय खर्ची पडलें, हें वेळच्या वेळीं टिपतो.

ह्या टिपणांतून जे आंकडे निघतात त्यांवरच पुढें मोठा वाद उभा राहिला. रोखीनें वा मालानें दिलेला खर्च आणि दुसऱ्याच्या जमिनीचा दिलेला खंड ही एक बेरीज. तिला ‘ए-दोन’ म्हणतात. तींत घरच्या माणसांच्या श्रमाची मजुरी मिळविली कीं दुसरी बेरीज होते. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि गुंतविलेल्या भांडवलाचें व्याजहि धरलें कीं ‘सी-दोन’ ही सर्वसमावेशक बेरीज. डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय शेतकरी आयोगानें २००६ सालीं आपलें काम संपविलें. उत्पादनखर्चावर निदान शेंकडा ५० अधिक धरून हमीभाव असावा, ही त्याची शिफारस. २०१८-१९ च्या अर्थसंकल्पांत दीडपट भावाची घोषणा झाली. पण दीडपट कशाची? त्या वर्षीं साध्या भाताचा खर्च घरच्या मजुरीसह क्विंटलला १,१६६ रुपये धरला होता आणि सर्वसमावेशक खर्च १,५६० रुपये. हमीभाव ठरला १,७५० रुपये, म्हणजे पहिल्या आंकड्याच्या दीडपट. दुसऱ्याची दीडपट २,३४० होते. मधले ५९० रुपये म्हणजे बेरजेंतील चूक नव्हे. स्वतःच्या जमिनीचा आणि भांडवलाचा मोबदला खर्च म्हणून गणावयाचा कीं नाहीं, ह्या प्रश्नाचें तें माप आहे. शहरांत स्वतःच्या घरांत राहणारा गृहस्थ घरभाडें खर्चांत लिहीत नाहीं. पण तेंच घर भाड्यानें देतां आलें असतें, हें तो विसरतहि नाहीं.

हा झाला सरकारचा हिशेब. घरचा अंदाज कसा बांधावा हें पाहण्यासाठीं निफाड तालुक्यांतील साडेतीन एकरांचें एक घर कल्पनेनें डोळ्यांपुढें आणावें. आई-बाप, बावीस वर्षांचा मुलगा, बारावींतली मुलगी. खरिपांत सोयाबीन आणि थोडे टोमॅटो, रब्बींत उन्हाळी कांदा, अर्ध्या एकरांत मका-घास, गोठ्यांत दोन संकरित गाई. पुढील रकमा उदाहरणासाठीं घेतलेल्या आहेत. रीत मात्र खरी आहे.

एप्रिलमध्यें १०० क्विंटल कांदा निघाला. लासलगांवला भाव १,२०० रुपये. विकावा कीं चाळींत भरावा? बापाचें म्हणणें असें कीं, पिकविण्यासच १,४०० रुपये पडले आहेत, मग १,२०० ला कसा द्यावा? हें बोलणें ऐकणाऱ्याला पटतें, आणि येथेंच पाय घसरतो. पिकविण्याचा खर्च आतां कोणत्याहि बाजूनें बदलत नाहीं. आज विकल्यास १,२०,००० रुपये हातीं येतात. चार महिने ठेवला तर वजनांतली घट, सड आणि कोंब यांमुळें चौथा हिस्सा जातो असें धरा. ७५ क्विंटल उरतो. निवडणी आणि चाळीची डागडुजी यांस ५,००० रुपये. दरमहा शेंकडा एक दरानें अडकलेल्या पैशाचें व्याज ४,८००. तेव्हां ७५ क्विंटलांनीं १,२९,८०० रुपये मिळवून दिले तरच थांबण्याचें नुकसान झालें नाहीं असें म्हणतां येईल. तो भाव निघतो क्विंटलला सुमारें १,७३१ रुपये. आतां प्रश्न नीट मांडला गेला. १,४०० चा भाव येईल काय, हा तो प्रश्न नव्हे. ऑगस्टमध्यें १,७३१ च्या वर भाव जाईल काय, हा आहे. १,५०० चा भाव येऊन बापाला ‘खर्च निघाला’ असा आनंद झाला, तरी त्या आनंदापायीं घराचे सतरा हजारांहून अधिक रुपये गेलेले असतील.

भावाचें भाकीत करणें मात्र कोणाच्याच हातीं नाहीं. १९ ऑगस्ट २०२३ रोजीं कांद्याच्या निर्यातीवर शेंकडा ४० शुल्क बसलें, ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातच बंद झाली आणि ती बंदी मे २०२४ मध्यें उठली. ज्याची चाळ त्या वेळीं भरलेली होती त्याचें सर्व गणित एका आज्ञेनें बदललें. म्हणून कित्येक जण निम्मा कांदा आतां विकतात आणि निम्मा ठेवतात. त्यांत सर्वांत मोठा लाभ कधींच होत नाहीं, पण सर्वांत मोठी हानीहि होत नाहीं. ज्याच्या डोक्यावर सोसायटीचें कर्ज आहे त्यानें हाच मार्ग धरावा हें उत्तम.

गाईंचा हिशेब याहून नाजूक आहे, कारण तो रोजचा असल्यामुळें कोणी करीतच नाहीं. दर दहा दिवसांनीं दुधाचें बिल येतें, त्यांतून पेंडीचे पैसे वळते होतात, उरलेले आईच्या हातीं पडतात. घरांत एवढा एकच पैसा नियमानें येतो, म्हणून गाई फायद्याच्या वाटतात. समजा, एक गाय व्याल्यानंतर ३०० दिवस सरासरी १० लिटर दूध देते आणि लिटरला ३२ रुपये मिळतात. एका वेताचे ९६,००० रुपये झाले. दुभत्या दिवशीं तिला २१० रुपये लागतात आणि भाकड दिवशीं १३०. दोहोंतहि ६० रुपयांचा चारा घरचा. दोन वेतांत तेरा महिन्यांचें अंतर असलें तर दुभते दिवस ३०० आणि भाकड ९५. खर्च ७५,३५० रुपये, शिल्लक २०,६५०. दिवसाला ५२ रुपये. घरचा चारा फुकट धरला तर हीच शिल्लक दिवसाला ११२ रुपये दिसते. म्हणजे गाईच्या नफ्यांतला निम्म्याहून अधिक भाग मक्याच्या अर्ध्या एकरानें दिलेला आहे, आणि त्याची नोंद कोठेंच नाहीं.

आतां गाय वेळेवर गाभण राहिली नाहीं तर पाहा. गाय साधारण २१ दिवसांनीं माजावर येते. कांदा काढणीच्या धांदलींत एक माज हुकला, लग्नसराईंत दुसरा हुकला, एकदां भरविली ती उलटली, असें करतां करतां सहा पाळ्या गेल्या कीं चार महिने गेले. गोठ्यांत कांहीं बिघडलेलें दिसत नाहीं. गाय उभी आहे, खात आहे. परंतु १२० भाकड दिवसांचे १५,६०० रुपये वाढले आणि २०,६५० च्या जागीं ५,०५० उरले. तेहि ५१५ दिवसांत विभागावयाचे, म्हणजे दिवसाला जेमतेम दहा रुपये. दुधाला लिटरमागें एक रुपया वाढवून मिळावा म्हणून मोर्चे निघतात, आणि ते निघालेच पाहिजेत. पण ह्या गाईच्या बाबतींत एक रुपयाची वाढ म्हणजे वेतामागें ३,००० रुपये, आणि हुकलेल्या माजांची किंमत त्याच्या पांचपट. आईनें गोठ्याच्या भिंतीवर दिनदर्शिका टांगून माजाच्या तारखांवर कुंकवाचीं बोटें उमटवावयास सुरुवात केली, तर त्या घरांतलें सर्वांत किफायतशीर अवजार तेंच ठरेल. तिच्या स्वतःच्या श्रमाचें काय, हा प्रश्न उरतोच. दोन गाईंना रोज चार तास लागतात; नीट चाललेल्या गोठ्यांतहि तासाला २६ रुपये पडतात. परक्याच्या शेतांत ती ह्याहून अधिक मिळवील. पण परक्याची मजुरी वर्षभर मिळत नाहीं, आणि शेणखत मिळत नाहीं. म्हणून गाई ठेवण्यांत तिची चूक नाहीं. आपण किती दरानें राबतों हें तिला कळलेलें असावें, इतकेंच.

ट्रॅक्टरचा मोह मात्र गणितांत फार वेळ टिकत नाहीं. हप्त्याचें व्याज, घसारा, विमा मिळून वर्षाला १,२०,००० रुपये बसतात असें धरा. भाड्याच्या ट्रॅक्टरला एकरीं वर्षाचे ३,००० रुपये लागतात आणि घरच्याला डिझेल, चालक, दुरुस्ती यांचे १,२००. एकरामागें बचत १,८०० रुपये. ती ओझें पेलण्यास ६७ एकर काम हवें. २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणें महाराष्ट्रांतील सरासरी धारणा १.३४ हेक्टर, म्हणजे सवातीन एकर. शेजाऱ्यांची नांगरट घेतल्याशिवाय तें यंत्र दारांत शोभेचें राहतें. लग्नाच्या बाजारांत त्या शोभेला किंमत आहे असें म्हणतात. तो रकाना निराळा मांडावा.

पेरणीपूर्वींचा अंदाज ह्याहून वेगळ्या रीतीनें करावा लागतो, कारण तेथें पाऊस आणि भाव हीं दोन्हीं अनिश्चित. मुलगी मोबाइलवर तीन ओळी आणि तीन रकाने आंखून नऊ घरें करते. सोयाबीनचा एकरीं खर्च २४,००० रुपये. उतारा ४, ७ किंवा १० क्विंटल. भाव ३,८००, ४,५०० किंवा ५,२००. सात क्विंटल पिकलें आणि भाव सर्वांत कमी आला तरी २,६०० रुपये उरतात. उलट चारच क्विंटल पिकलें तर सर्वांत चांगल्या भावानेंहि ३,२०० रुपयांचा तोटा होतो. नऊ घरें भरून झाल्यावर घरांतल्या गप्पांचा विषय बदलतो. आतांपर्यंत सारी चिंता भावाची होती. ह्या जमिनीला खरा धोका उताऱ्याचा आहे हें तक्त्यावरून दिसतें. मग सोयाबीनमध्यें तुरीच्या ओळी घालाव्या, पीकविम्याची मुदत चुकवूं नये, हलक्या तुकड्यांत सोयाबीन घेऊंच नये, अशा गोष्टी बोलल्या जाऊं लागतात.

परंतु ह्या घरापुढला सर्वांत मोठा निर्णय कांद्याचाहि नव्हे आणि सोयाबीनचाहि नव्हे. घरच्या माणसांची मजुरी सोडून बाकी सारा खर्च वजा जातां वर्षाला १,८०,००० रुपये उरतात असें धरा. तिघांचे मिळून कामाचे दिवस ७५०. दिवसाला २४० रुपये पडले. गांवांत मजुरीचा दर ४००. त्या दरानें घरची मजुरी ३,००,००० होते, आणि वहींत १,२०,००० रुपयांचा तोटा दिसतो. ह्याचा अर्थ घर बुडालें असा नाहीं. चूल पेटते, मुलीची फी भरली जाते. अर्थ एवढाच कीं, स्वतःचें शेत त्यांना शेजाऱ्याच्या शेतापेक्षां कमी मजुरी देतें.

मुलाला सातपूरच्या एका कारखान्यांत महिन्याला १५,००० रुपयांचें काम मिळत आहे. तो गेला तर वर्षाला १,८०,००० येतात. त्याच्या जागीं लावणी-काढणीच्या दिवसांत ९० रोजंदाऱ्या धराव्या लागतील, ३६,००० रुपये. जाण्यायेण्यास तितकेच. घराला १,०८,००० रुपये अधिक. बदलाचा अंदाज म्हणून एवढें गणित पुरें आहे, आणि तें एका बाजूला स्पष्ट झुकतें. रात्रीं दोन वाजतां वीज आली म्हणजे विहिरीवर कोणीं जावयाचें, बापाचे गुडघे आणखी किती वर्षें चालतील, आणि एकदां गेलेला मुलगा शेताकडे परत वळेल काय, ह्यांना रकाना नाहीं. बापानें वहीच्या त्या पानावर दोन्ही बाजू लिहिल्या आहेत, बेरीज केली आहे, आणि खालीं निर्णयाची जागा कोरी ठेवली आहे. कारखान्याला पाडव्यापर्यंत कळवावयाचें आहे.